आजीचा स्वेटर, कसर आणि फ्रीजरमधले पंधरा दिवस

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी या भागाचा मजकूर. बोलतानाचे अडखळे तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, अरे, हा तर आमच्या आईचा विषय झाला. थांबा जरा. तुमच्या घरात एखादी तरी लोकरीची वस्तू अशी असेल, जी कोणी वापरत नाही पण कोणी टाकूही देणार नाही. आजोबांची शाल, बाबांचा कॉलेजातला स्वेटर, गावाकडची घोंगडी. ती शेवटची उघडून कधी पाहिलीत? मी सहा वर्षांनी पाहिली. आजचा एपिसोड त्याचाच आहे.

तर झालं असं. माझी आजी निफाडची. थंडी पडली की बातम्यांमध्ये ज्या गावाचं तापमान सांगतात ना, तेच निफाड. पारा फार खाली गेला की तिथले द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, घडांना थंडी बाधू नये म्हणून. अशा गावात आजीने स्वतःसाठी एक मरून रंगाचा स्वेटर विणला होता. पुढून बटणं, खाली दोन खिसे. एका खिशात रुमाल, दुसऱ्यात बामची डबी. ती गेल्यावर बाकीच्यांनी आठवण म्हणून साड्या घेतल्या, मी स्वेटर मागितला. पुण्याला आणला, साडीच्या दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पलंगाच्या बॉक्समध्ये ठेवून दिला. धुतला नाही. मुद्दामच धुतला नाही, कारण त्याला आजीचा वास होता. बाम, खोबरेल आणि चुलीचा धूर.

गेल्या डिसेंबरात पिशवी उघडली. डाव्या बाहीची कोपरापाशी चाळणी झालेली. पाठीवर चार-पाच भोकं, एक तर दहाच्या नाण्याएवढं. पिशवीच्या तळाला मरून रंगाची रवाळ पूड. आणि बगलेच्या शिवणीत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी पांढरं, चिकट. मी तो तसाच हातात धरून बसलो. खरं सांगू, रडू आलं नाही, राग आला. स्वतःचाच. एवढं जपून ठेवलं आणि जपलेलंच गेलं.

आईने लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "कसर लागलीय. बाहेर नेऊन झटक आधी, घरात नको."

कसर म्हणजे नक्की कोण?

आपण "कसर" हा शब्द फार सढळ हाताने वापरतो. पुस्तकं खाणारी ती कसर, कपडे खाणारी तीही कसर. प्रत्यक्षात हे वेगवेगळे किडे आहेत. पुस्तकांच्या खळीवर आणि कागदावर जगणारा तो चंदेरी, शेपटीला तीन केस असलेला, सुळकन पळणारा किडा वेगळा. लोकर खाणारे मुख्यतः दोन. एक, कपड्यांचा पतंग. दुसरा, एक बारीक ठिपकेदार भुंगेरा, ज्याची केसाळ तपकिरी अळी लोकर खाते. भुंगेरा असेल तर भोकं स्वच्छ असतात आणि आसपास अळीच्या कातीची टरफलं सापडतात. जाळं, रेशमी नळकांडी असं काही दिसलं तर पतंग. माझ्याकडे पतंग होता.

आता इथे एक गैरसमज. पतंग कपडे खात नाही. म्हणजे मोठा झालेला, पंख फुटलेला पतंग काहीच खात नाही, त्याचं तोंडच खाण्याच्या कामाचं नसतं. खाते ती त्याची अळी. मादी लोकरीच्या धाग्यांत साधारण चाळीस-पन्नास अंडी घालते, प्रत्येक अंडं एक मिलिमीटरपेक्षा लहान. अळी बाहेर येते आणि खायला लागते. वाढायला तिला दोन-एक महिने पुरतात, पण थंडी असेल, खाणं बेताचं असेल तर तीच अळी वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ रेंगाळते. त्यामुळे "एकदा झटकला, आता गेली" असं होत नाही.

अजून एक. हा पतंग आपल्या ट्यूबलाइटभोवती फिरत नाही. त्याला उजेड नकोसा असतो. सहा-सात मिलिमीटरचा, फिकट सोनेरी, आणि कपडा उचलला की उडण्यापेक्षा पळून घडीत शिरणारा. स्वयंपाकघरात रव्याच्या डब्यातून निघतात ते पतंग दुसरे, त्यांना तुमच्या शालीशी देणंघेणं नाही.

पण त्याच्या कुळातला एक नातेवाईक तुम्ही नक्की पाहिलाय. मुंबईत, कोकणात, पावसाळ्यात पुण्यातही. भिंतीवर किंवा बाथरूमच्या कोपऱ्यात भोपळ्याच्या बीसारखं चपटं, करडं काहीतरी चिकटलेलं असतं आणि आपल्याला वाटतं सिमेंटचा कपचा आहे. मग तो कपचा हळूच सरकतो! आत अळी असते, ते तिचं पांघरूण. धूळ आणि वाळू रेशमाने चिकटवून ती ते बनवते आणि दोन्ही तोंडांनी डोकं बाहेर काढू शकते. गळलेले केस, कोळिष्टकं यांवर ती जगते, आणि लोकर मिळाली तर सोडत नाही.

लोकरच का?

लोकर म्हणजे मेंढीचे केस. केस, नख, पीस, शिंग सगळं एकाच प्रथिनाचं, केराटिनचं. हे प्रथिन इतकं चिवट की बहुतेक प्राण्यांना ते पचत नाही. मांजर स्वतःचे केस गिळतं आणि ओकून टाकतं, ते बघितलंच असेल. केराटिनचे धागे गंधकाच्या जोडांनी एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. या अळीच्या पोटात ते जोड तोडण्याची सोय आहे. निसर्गात तिचं काम काय, तर पक्ष्यांच्या घरट्यातली पिसं, मेलेल्या जनावराचे केस संपवणं. सफाई कामगार आहे ती. आपण तिला मऊ, अंधारं, कोणी न हलवणारं घरटं पलंगाच्या बॉक्समध्ये करून देतो.

आणि आता माझी चूक ऐका. निव्वळ स्वच्छ लोकरीवर अळी नीट वाढत नाही. तिला वाढायला इतर पोषणही लागतं आणि ते मिळतं घामातून, तेलातून, सांडलेल्या खाण्यातून. म्हणून भोकं कुठे पडतात? गळ्याशी, बगलेत, कोपरावर, मनगटाशी. जिथे माणूस लागतो तिथे. आजीचा वास राहावा म्हणून मी जे जपलं होतं, तेच अळीचं जेवण होतं. हे वाचलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवून दिला.

गंमत म्हणजे त्याच बॉक्समध्ये माझे दोन जुने स्वेटर होते, त्यांना एक भोक नाही. ते ॲक्रिलिकचे. बाजारात आपण ज्याला सर्रास "लोकर" म्हणतो त्यातलं बरंचसं ॲक्रिलिक असतं, म्हणजे प्लास्टिकचा धागा, आणि तो अळीला पचत नाही. म्हणजे आजीने खरी लोकर आणून विणलं होतं, आणि हे मला कसरीने सांगितलं. खात्री करायची तर घरीच होते. एक निखळलेला तंतू चिमट्यात धरून काडी लावायची. खरी लोकर चुरचुरते, केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझते आणि काळी पूड बोटाने चुरडता येते. ॲक्रिलिक भडकतं, वितळतं आणि कडक गोळी बनते. बेसिनवर करा आणि वितळलेल्या गोळीला हात लावू नका, प्लीज.

आधी मारायचं, मग धुवायचं, मग शिवायचं

हा क्रम लक्षात ठेवा, कारण माझा पहिला विचार होता की लगेच रफू करून टाकावं. चुकलं असतं. आत अंडी असताना शिवलं तर दोन महिन्यांनी शेजारी नवीन भोक.

आई म्हणाली तसं झटकणं आणि ऊन देणं उपयोगाचं आहेच. अळीला उजेड नको असतो, ती खाली पडते, ब्रशने घासलं की बरीच अंडीही निघून जातात. पण शिवणीच्या आत लपलेल्यांची खात्री नाही, आणि जुना रंग उन्हात उडतो. खात्रीचे मार्ग दोन: खूप गरम किंवा खूप थंड. साधारण ५५ अंशांवर तासभर राहिलं तर अंडी, अळ्या, पतंग सगळे मरतात, पण हाताने विणलेली लोकर घरच्या घरी सारखी तापवणं अवघड. थंडीचा मार्ग सोपा. संग्रहालयांतही हेच करतात. उणे ३० अंशांवर तीन दिवस, आणि घरच्या फ्रीजरसारख्या उणे १८ वर दोन आठवडे.

मग काय, आईशी वाटाघाटी. डिसेंबर म्हणजे मटारचे दिवस. तिने पाच किलो सोलून भरून ठेवले होते. "स्वेटर फ्रीजमध्ये? लोक काय म्हणतील?" लोक आपला फ्रीजर उघडून बघत नाहीत गं, म्हटलं. शेवटी अर्धे मटार शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये गेले.

करताना या गोष्टी पाळा. कपडा पूर्ण कोरडा हवा. जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालून हवा दाबून काढायची आणि तोंड टेपने बंद. खाली-वर गच्च दाबून ठेवायचं नाही, गार हवा सगळीकडून लागली पाहिजे. एका दाराच्या जुन्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा पुरेसा गार नसतो, तिथे भरवसा ठेवू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पंधरा दिवसांनी बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही. एक दिवस तशीच ठेवा. गार पाण्याच्या बाटलीला बाहेरून घाम येतो ना, तसा पिशवीला येऊ दे, कपड्याला नको.

तेवढ्या दिवसांत मी उगम शोधला. बॉक्स रिकामा केला, फटीतून व्हॅक्यूम फिरवला, ती धूळ लगेच पिशवीत बांधून बाहेर. बॉक्सच्या तळाला निफाडहूनच आलेली घोंगडी होती. तिच्या घडीत नळकांडी सापडली, म्हणजे पाहुणे बहुधा तिच्यासोबत आले. तिला रोज गच्चीवर झटकली, आणि स्वेटर निघाल्यावर ती दोन हप्त्यांत फ्रीजरमध्ये गेली, कारण अख्खी मावेना. आईचा चेहरा मी इथे वर्णन करत नाही.

तुमच्याकडे शोधायचं असेल तर कपाटाबाहेरही बघा. हार्मोनियममधला नमदा लोकरीचा असतो, न वाजवलेल्या पेटीत कसर लागते. पूजेचं लोकरीचं आसन, आजोबांची काळी टोपी. आणि शहरातल्यांसाठी खास, एसीच्या मागे कबुतराचं घरटं. पिसं, विष्ठा, एखादं मेलेलं पिल्लू. हे पतंग आणि भुंगेरे तिथे मजेत वाढतात आणि खिडकीतून आत येतात.

डांबरगोळ्यांचं काय?

हा प्रश्न येणारच. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलिन. ती हवेत विरते आणि तिची वाफ किड्यांना मारते, हे खरं. पण त्यासाठी वाफ कोंडून राहायला हवी, म्हणजे घट्ट झाकणाची ट्रंक हवी. रोज उघडणाऱ्या कपाटात चार गोळ्या टाकल्या तर किड्यांचं फार बिघडत नाही, ती वाफ आपणच घेतो. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर मुळीच नको. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये नॅफ्थलिनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते. आपल्या बाळाला ती कमतरता आहे हे बऱ्याच घरांत माहीतही नसतं. शिवाय त्या दिसतात गोळीसारख्या, रांगतं मूल तोंडात घालतं.

वेखंड, कडुलिंबाचा पाला, लवंग हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठेवतात. ठेवा. वास छान येतो, थोडाफार अटकावही होत असेल. पण आत बसून खाणारी अळी त्याने मरेल अशा भरवशावर राहू नका. मी पुरचुंडी ठेवतो, पण धुतलेल्या कपड्यात.

धुणं

इथे मी अडकलो. फ्रीजरमधून स्वेटर निघाला, किडे मेले. पण धुवायचा म्हणजे वास जाणार. दोन दिवस पिशवी टेबलावर पडून होती. आईने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. ती स्वेटर नाकाशी धरून म्हणाली, "अरे, हा नुसता बाम आहे. आजी स्वतः दर दिवाळीआधी रिठ्याने धुवायची हा. तिला असा मळका चालला असता का?"

मग रिठे आणले. रात्री भिजत घातले, सकाळी उकळून गाळून पाणी गार केलं. लोकरीला आणि रेशमाला रिठा चालतो, किंवा लोकरीसाठीचं सौम्य लिक्विड. नेहमीची पावडर वापरू नका. ती अल्कधर्मी असते, आणि डाग काढायला त्यात बऱ्याचदा प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. लोकर प्रथिनच आहे! म्हणजे अळीचं उरलेलं काम आपण पावडरने करणार.

साध्या पाण्यात बुडवायचा, हलकेच दाबायचा. चोळायचा नाही, पिळायचा नाही. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आकसून नमदा होतो. भोकं असलेल्या कपड्याला तर आणखी जपा, सुटलेल्या टाक्यांत आधी सेफ्टी पिना अडकवा, नाहीतर पाण्यात शिडीसारखे उसवत जातात. मग टॉवेलवर पसरून गुंडाळी करायची, दाबून पाणी टिपायचं आणि सावलीत आडवा वाळवायचा. दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनाने बाह्या गुडघ्यापर्यंत येतात.

पहिलं पाणी चहासारखं निघालं. मी ते थोडा वेळ तसंच ठेवलं बादलीत. मग ओतलं.

शिवणं

किमती शाल असेल, पश्मिना वगैरे, तर स्वतः हात घालू नका, जाणत्या रफूगाराकडे द्या. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगार काश्मिरी शालींसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहेत. शालीतलेच तंतू काढून ते असं विणतात की उजेडात धरूनही भोक कुठे होतं ते सापडू नये. प्रिया रविश मेहरा या वस्त्रकलावंताने या लोकांसोबत बरंच काम केलं आणि रफूलाच कला म्हणून समोर आणलं.

माझा स्वेटर मात्र आई म्हणाली घरीच करू. अडचण धाग्याची. तो मरून आता कुठे मिळणार? तीन दुकानं फिरलो, एकही जुळेना. तेव्हा आईने स्वेटर उलटा केला आणि एका खिशावर बोट ठेवलं. खिसे वेगळे विणून वरून शिवलेले होते. शिवण उसवून खिसा काढला आणि शेवटच्या टाक्यापासून उलगडत नेला. लोकर नूडल्ससारखी कुरळी निघाली. ती आटी करून ओली केली, खाली वजन टांगून वाळवली की सरळ होते. बाहेरचा स्वेटर थोडा विटलेला आणि खिशाची आतली बाजू गडद, त्यामुळे रंग अगदी जुळत नाही. चालेल.

जिथे धागा नुसता झिजलाय, तुटला नाही, तिथे सोपं: सुईने त्याच टाक्याच्या वाटेवरून दुसरा धागा न्यायचा. भोक असेल तर खाली वाटी उपडी ठेवायची, कडेपासून सेंटिमीटरभर बाहेर, धड विणीतून सुरुवात करायची. आधी उभे धागे, मग आडवा धागा एक वर एक खाली, टोपली विणतात तसा. ओढायचं नाही, नाहीतर तिथे चुणी पडते. पहिलं भोक आईने बुजवलं, बाकी दहा मी. माझी पहिली तीन बघण्यासारखी नाहीत. कोपराच्या चाळणीला चार संध्याकाळी लागल्या.

आता तो पलंगाच्या बॉक्समध्ये जात नाही. मी घालतो. वापरातल्या, हलत्या-डुलत्या, उजेडातल्या कपड्यात कसर सहसा टिकत नाही. उन्हाळ्यात धुऊन, पूर्ण वाळवून हवाबंद पिशवीत, सोबत बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची पुडी. कोकणात, मुंबईत ही पुडी विसरू नका, नाहीतर कसरीऐवजी बुरशी. पावसाळा संपला की ऑक्टोबरात एकदा उघडून झटकायचा, शिवणी बोटाने चाचपून बघायच्या. मोबाइलवर रिमाइंडर लावलाय.

गेल्या महिन्यात तो घालून निफाडला गेलो होतो. काकूने कोपरावर हात फिरवून विचारलं, हे कोणी केलं रे असं वेडंवाकडं? आता एकच खिसा उरलाय. त्यात फोन बसत नाही, इअरबड्सची डबी बसते.

चला, आजच्यापुरतं एवढंच. आज घरी गेलात की तो बॉक्स उघडा. भेटू पुढच्या मंगळवारी.